गोळीने शांत झालेले मूल

१९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दले आणि दनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन त्याचे परिणाम नोंदवले आणि अँटिसायकॉटिक औषधांचे युग सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही स्वमग्न मुलांना दिल्या जाणाऱ्या या गोळ्यांचा विचार करताना आम्हां खानदेशवासीयांना त्या एकत्र आठवतात. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी शब्दाविषयी. ‘स्वमग्न’ हा शब्द देखणा आहे, पण फसवा आहे. मग्नता आपण कवीला, साधकाला बहाल करतो. तीत एक तृप्ती गृहीत असते. ज्या मुलांसाठी ही औषधे लिहून दिली जातात ती तृप्त नसतात. ती हात चावतात, भिंतीवर डोके आपटतात, रात्र रात्र झोपत नाहीत, आईला मारतात. ही मग्नता नव्हे, व्याकुळता आहे. आणि बोलता न येणाऱ्याची व्याकुळता हे बहुधा त्याचे बोलणेच असते.

औषधाचे काम नाकारण्याचा आमचा हेतू नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १०१ मुले होती. आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलोने वाढले, इतरांचे ०.८ किलोने. पुढे अमेरिकेत २००६ मध्ये रिस्पेरिडोनला आणि २००९ मध्ये अरिपिप्राझोलला मान्यता मिळाली, ती ऑटिझमसोबत येणाऱ्या तीव्र चिडचिडीसाठी: आक्रमकता, स्वतःला इजा करणे, अनावर आक्रस्ताळेपणा यांसाठी. बोलणे यावे, माणसांशी नाते जुळावे, यासाठी नव्हे. आपल्याकडे मात्र ‘ऑटिझमची गोळी’ असा शब्द सर्रास कानी येतो. अशी गोळी अस्तित्वात नाही.

मुलाला गोळी देणाऱ्या आईला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. जिचे दंड चाव्यांनी काळेनिळे झाले आहेत तिला सलग सहा तासांची झोप म्हणजे काय, हे बाहेरच्याने सांगू नये. कधी कधी गोळीमुळेच मूल वर्गात बसू शकते, शिकू शकते. आमचा आक्षेप गोळीला नाही, एकट्या गोळीला आहे.

खानदेशात हा एकटेपणा अधिक जाचतो. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल येथील कुटुंबाला वाचा-उपचार आणि वर्तन-उपचार नियमितपणे मिळवायचे तर प्रवास, मजुरी बुडणे आणि खर्च यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. गोळी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आई अहिराणीत किंवा लेवा बोलीत सांगत असते, कागदावर उतरतो एकच शब्द: ‘हायपर’. शिवाय मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. ही औषधे शरीराची उष्णता सांभाळण्याची शक्ती कमी करू शकतात. तहान लागल्याचे सांगू न शकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट प्रत्येक आईला तिच्या बोलीत समजावून सांगायला हवी.

आता बहिणाबाईंकडे येऊ. त्या निरक्षर होत्या. त्यांचे शब्द आज आपल्याजवळ आहेत, कारण सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी ते ऐकले आणि उतरवून घेतले. या मुलांनाही आधी हवा आहे तो असा ऐकणारा. मूल केव्हा चिडते, त्याआधी काय घडले, कुठे घडले, नंतर काय झाले, हे दोन आठवडे साध्या वहीत टिपले तरी पुष्कळ उलगडते. कधी दाढ दुखत असते, कधी बद्धकोष्ठ असतो, कधी कानबाईच्या मिरवणुकीतील बँड असह्य झालेला असतो. दाढदुखीवर अँटिसायकॉटिक दिले तर मूल गप्प होईल आणि दाढ दुखतच राहील.

ब्रिटनमधील २०१३ च्या मार्गदर्शक सूचना हेच शिस्तीत सांगतात. आधी कारण शोधा. इतर उपाय अपुरे पडले, किंवा वर्तनाच्या तीव्रतेमुळे ते करताच आले नाहीत, तरच औषधाचा विचार करा. तीन-चार आठवड्यांनी आढावा घ्या. सहा आठवड्यांत उपयोग दिसला नाही तर थांबवा. थांबवायचे तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मनाने एकाएकी नव्हे. नेमक्या कोणत्या वर्तनासाठी, किती दिवस, आणि वजन व रक्तातील साखर कोण तपासणार, हे तीन प्रश्न विचारण्याचा पालकांना अधिकार आहे आणि तो उद्धटपणा नाही.

२०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे. पण कायदा वही भरून देत नाही. साहित्याच्या वर्गात आपण न बोललेले वाचायला शिकवतो, बोलीला मान द्या म्हणतो. धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतील अहिराणी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशा एखाद्या आईजवळ बसून तिची वही लिहून दिली, तर डॉक्टरांपुढे ‘हायपर’ या एका शब्दाऐवजी एक मूल उभे राहील. मग गोळी द्यायची की नाही, हे अधिक विचाराने ठरेल.