अंगठा सगळ्यात आधी तुटला पाहिजे

पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांत मिनी ट्रॅक्टरच्या मागे बसवलेल्या छोट्या बॅकहोला उसंत नसते. तेल्या रोगाने गेलेली डाळिंबाची झाडं मुळासकट काढायची असतात, बांधावरची बाभूळ ओढून बाजूला करायची असते, नव्या बागेसाठी चर घेताना वर आलेले धोंडे हलवायचे असतात. खणण्याचं काम बकेट चोख करते. खणून वर आलेली वस्तू उचलायची वेळ आली, की तिथे तिचं चालत नाही. गोल धोंडा दातांवर चढतो आणि घसरतो, बुंधा आडवा अडकतो. मग एक माणूस पहार घेऊन बकेटच्या अगदी शेजारी उभा राहतो. माझा सगळा आक्षेप त्याच्या तिथे उभं राहण्याला आहे. तो तिथून हलावा यासाठी बकेटसमोर एक अंगठा हवा: आर्मच्या आतल्या बाजूला पिनवर बसणारी दोन बोटांची लोखंडी पकड. बकेट वळून त्यावर मिटली, की धोंडा दोघांमध्ये धरला जातो.

हा अंगठा गावच्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावा, अशा मताचा मी आहे. आपल्याकडचे बरेचसे छोटे बॅकहो स्थानिक फॅब्रिकेटरांनीच घडवलेले असतात. कुणाच्या आर्मची रुंदी एक, कुणाच्या पिनचा व्यास दुसराच. मोठ्या मशीनसाठी बनलेला तयार अंगठा त्यांना बसत नाही, आणि बसवलाच तर त्याच्या वजनाने मशीनची उचल खाऊन टाकतो. मात्र हे काम करताना वर्कशॉपमध्ये एक हौस हमखास दिसते. प्लेट जाड घ्यायची, पिन जाड घालायची, वेल्ड भरभरून मारायचा आणि ‘आता हत्ती आला तरी वाकणार नाही’ म्हणायचं. छोट्या ट्रॅक्टरवर नुकसान होतं ते इथूनच.

जोर किती येतो, ते बघा. बकेट वळवणारा सिलिंडर ६० मिलिमीटर बोअरचा आणि तेलाचा दाब १५० बार धरला, तर दांड्यावर चार टनांहून जास्त जोर येतो. लिंकच्या तरफेमुळे दातांच्या टोकाशी त्यातला साधारण टनभर उरतो असं समजू. तो टनभर अंगठ्याच्या टोकावर पडतो. अंगठा ६० सेंटिमीटर लांब असेल आणि त्याला मागून धरणारी आधाराची दांडी मुख्य पिनपासून २० सेंटिमीटरवर जोडलेली असेल, तर दांडीवर तिप्पट म्हणजे तीन टनांचा भार येतो. दांडी काटकोनात नसेल तर त्याहून जास्त. हा भार शेवटी जातो आर्मच्या पातळ पेटीत; धरलेली वस्तू ओढताना येणारा ताण पुढे बूमच्या बुशांत आणि तिथून ट्रॅक्टरवर जातो. बॅकहो सबफ्रेमवर न बसवता नुसता मागच्या तीन सांध्यांवर टांगलेला असेल, तर तो ताण ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगपर्यंत पोहोचतो. अंगठा वाकला नाही, तर या साखळीतलं दुसरं काहीतरी वाकणार किंवा तडकणार, आणि ते अंगठ्यापेक्षा कितीतरी महाग असणार.

म्हणून तुटण्याची जागा आपण आधीच ठरवावी. मुख्य पिन भक्कम ठेवावी, म्हणजे काहीही झालं तरी अंगठा निखळून पडणार नाही. आधाराच्या दांडीचा बोल्ट मात्र मुद्दाम कमजोर घालावा. ४.६ ग्रेडचा १० मिलिमीटरचा बोल्ट दोन्ही बाजूंनी पट्टीत धरला, तर पावणेचार टनांच्या आसपास कातरतो. आटे कातरण्याच्या जागी येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तो बराच आधी जाईल. तोच बोल्ट ८.८ ग्रेडचा घातला की ताकद दुप्पट होते आणि सगळी योजना फुकट जाते. नेमकं हेच घडतं. दोनदा बोल्ट तुटला की चालक वैतागून डब्यातला सगळ्यात कडक बोल्ट ठोकतो. तेव्हा बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचायला चालकाला शिकवणं, हा अंगठा बनवण्याच्या कामाचाच भाग समजा. बोल्ट तुटला की धरलेली वस्तू खाली पडते, हेही उघड आहे. उचललेल्या भाराच्या आसपास कुणीही थांबायचं नाही, या नियमाला सवलत नाही.

हायड्रॉलिक अंगठ्याचा मोह मला समजतो, पण मिनी ट्रॅक्टरला तो नको. त्याला जादा वाल्व्ह लागतो, आर्मवरून जाणारे होज लागतात. बकेटचा सिलिंडर अंगठ्याच्या सिलिंडरवर रेटतो तेव्हा अडकलेल्या तेलाचा दाब भलताच चढतो. तो सोडायला अंगठ्याच्या लाइनवर वेगळा रिलीफ वाल्व्ह बसवावा लागतो, आणि घरगुती जुळणीत नेमका तोच गाळला जातो. तीन भोकांची साधी दांडी पुरते. काम बघून अंगठा तीन कोनांत लावता येतो, आणि खणताना आर्मला चिकटवून दुमडून ठेवता येतो.

आकाराचा प्रश्न प्लेट कापण्याआधी सोडवायचा असतो. जाड पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा अंगठा कापा, आर्मवर धरा आणि बकेट पूर्ण उघडी ते पूर्ण मिटलेली अशी सावकाश फिरवून बघा. बकेट अर्धीअधिक मिटली असताना अंगठ्याची टोकं दातांच्या टोकांशी भेटली पाहिजेत आणि पुढे दातांच्या मधल्या फटींतून गेली पाहिजेत. अंगठ्याची पिन बकेटच्या पिनच्या जितकी जवळ, तितकी ही भेट जास्त कोनांत टिकते. पिन आर्मवर वर सरकली, की टोकं एका जागी जुळतात आणि बाकी सगळीकडे एकमेकांना चुकवतात. यात घालवलेला अर्धा दिवस कधीच वाया जात नाही.

आता लोखंड. भंगारात ट्रकच्या कमानीचे पाटे स्वस्त मिळतात, कडक असतात, वाकही अंगठ्यासारखाच असतो. म्हणून बोटं त्यांचीच करायची पद्धत पडली आहे. पण स्प्रिंगचं पोलाद जास्त कार्बनचं असतं. थंड पाट्यावर वेल्ड मारला, की टाक्याच्या लगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. आठवडाभर ठीक चालतं, आणि एखाद्या दिवशी बोट टाक्याच्या कडेनेच साफ तुटतं. पाटा वापरायचाच असेल तर तो बोल्टने बसवा, वेल्डने नको. नाहीतर साधी माइल्ड स्टीलची प्लेट घ्या. ती वाकते, पण वाकून सांगते.

आर्मवर अंगठ्याच्या पिनचे कान जोडताना टाका आर्मच्या लांबीच्या दिशेने ओढावा. रुंदीला आडवा टाका मारला, की त्याच रेषेत पुढे चीर धावते. खाली एक पाठप्लेट द्यावी आणि तिची टोकं निमुळती कापावीत. लो हायड्रोजन रॉड भट्टीत सुकवून घ्यावेत, दमट रॉडने काम करू नये. बॅटरीची वायर काढूनच वेल्डिंग सुरू करावं आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट पिन-बुशांतून जाणार नाही.

अंगठा आला म्हणून मशीनची उचल वाढत नाही. आपला काळा बेसाल्ट घनमीटरला पावणेतीन-तीन टन भरतो. अर्धा मीटर लांबी, रुंदी, उंचीचा धोंडा साडेतीनशे किलोंच्या घरात जातो. आर्म पूर्ण लांबवून, तेही उतारावर, असा धोंडा बाजूला फिरवला तर छोटा ट्रॅक्टर पुढून उचलतो. पूर्वी बकेटमधून घसरणारा धोंडा आता घसरत नाही, त्यामुळे हा धोका वाढलेला असतो. जड धोंडा जमिनीलगत धरून जवळ ओढायचा, इतकंच.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांकडे कृषी अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत. मिनी ट्रॅक्टरच्या बॅकहोसाठी अशा अंगठ्याचं एक पानी ड्रॉइंग त्यांनी मराठीत काढावं. त्यात आर्मच्या प्लेटच्या जाडीनुसार अंगठ्याची लांबी, पाठप्लेटचं माप, टाक्याची दिशा आणि दांडीच्या बोल्टचा व्यास व ग्रेड एवढंच असलं तरी पुरे. ते पान तालुक्याच्या आयटीआयमधल्या वेल्डिंगच्या वर्गात लावलं, तर पुढच्या हंगामाआधी ते गावोगावच्या वर्कशॉपपर्यंत पोहोचेल.