गल्लीचा वारसा

वडाळ्याच्या फाइव्ह गार्डन्सजवळची एखादी जुनी इमारत एकटीच पाहिली, तर तिच्यात डोळे दिपण्यासारखं फारसं काही नसतं. तळमजला अधिक दोन, पुढे गोलाईची गॅलरी, तिला लोखंडी जाळीचा कठडा, आत लाकडी जिना. वारशाच्या यादीत तिचा एकटीचा नंबर लागणं कठीणच. पण तशाच आठ-दहा जणी एका रेषेत, रस्त्यापासून सारख्याच मागे सरून उभ्या असल्या, की पाहुणा म्हणतो, ही मुंबई वाटतच नाही. आम्ही म्हणतो, मुंबई खरं तर अशीच व्हायची होती.

ही शिस्त कुणा रसिकाने लावलेली नाही. 1896 च्या प्लेगने शहराची दाणादाण उडवली, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि दादर-माटुंग्याकडची मोकळी जमीन त्याने आखून काढली. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर 63.5 अंशांच्या कोनावर अडून बसलेले. हिशेब साधा: समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं सोडा, म्हणजे खोलीत उजेड येईल. लंडनच्या जॉर्जियन घरांच्या रांगाही अशाच धास्तीतून शिस्तीला लागल्या. 1666 च्या आगीनंतर बांधकामावर निर्बंध आले, 1774 च्या कायद्याने घरांच्या प्रती ठरवून दिल्या, आणि भिंतीला भिंत लावून एकसारखी घरं उभी राहिली. इंग्लंडमधल्याच बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंटमध्ये अशी 30 घरं एकाच चंद्रकोरीत आहेत. 1970 च्या दशकात तिथल्या एका बाईंनी पुढचं दार पिवळं रंगवलं, तर नगरपालिका नोटीस घेऊन हजर! दार अखेर पिवळंच राहिलं. पण भांडण झालं ते दाराच्या रंगावरून. आपल्याकडे रांगेतली अख्खी इमारत जाते, समोर पार्किंगची भिंत उठते, आणि चर्चा होते ती कार्पेट एरियाची.

रहिवाशांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं गोठलेल्या भाड्यात मालक गिलावाही करत नाही. स्लॅबचे पोपडे ताटात पडू लागल्यावर वारसा कुणाला सुचणार? ‘हेरिटेज’ म्हटलं की दुरुस्तीलाही परवानगी मागावी लागेल, ही त्यांची भीती खोटी नाही.

खोट नियमांत आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(9) खाली अख्खी गल्ली एकत्र धरता येते, पण ती पाडून बांधण्यासाठी. 1995 च्या वारसा नियमावलीपासून ‘परिसर’ ही कल्पना आहे, तरी विकासकाची फाइल येते एकेका प्लॉटची, आणि मंजूरही तशीच होते. निदान त्या फाइलवर दोन प्रश्न तरी विचारा: नवी इमारत जुन्या रेषेवरच मागे आहे का? रस्त्याकडची तिची बाजू शेजारणीच्याच उंचीची आहे का? उरलेला एफएसआय (चटईक्षेत्र) मागच्या अंगाला चढवा, नाहीतर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन दुसरीकडे न्या. आणि त्या टीडीआरच्या पैशातला काही वाटा शेजारच्या अजून न पडलेल्या इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला द्या.