संबळाचा आवाज आणि उंदराचा मेंदू

वर्षावासानिमित्त विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन संपल्यावर एक वयस्क भगिनी आम्हाला म्हणाल्या, “दादा, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. घरातले देव कधीच गेले. पण संबळाचा आवाज आला की अजून छातीत धडधडतं.” लहानपणी जत्रेत त्यांच्या आत्याच्या अंगात आले होते आणि भगताने आत्याला वेताने झोडपले होते. मागून कोणी म्हणाले, “मन कच्चं आहे!” हेच आम्हीही पूर्वी अनेकांना सुनावले आहे.

न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांना एक सूर ऐकवून लगेच पायांना विजेचा हलका झटका दिला. थोड्याच वेळात नुसता सूर ऐकूनही उंदीर जागच्या जागी थिजू लागला, त्याचा रक्तदाब वाढू लागला. आवाज ओळखणारा मेंदूचा वरचा थर काढून टाकला, तरी उंदीर ही भीती शिकलाच! मात्र त्याखालच्या थॅलॅमसमधील आवाजाचे केंद्र नष्ट केले, तेव्हा शिकला नाही. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. थॅलॅमसमधून एक आडवाट थेट लिंबिक भागातील बदामाएवढ्या नव्हे, बदामाच्या आकाराच्या अमिग्डालाकडे जाते (उंदराच्या डोक्यात बदाम कुठला मावणार!). त्या वाटेने आवाज सेकंदाच्या सुमारे १२ हजारांश भागात पोहोचतो. वरच्या थरातून येणाऱ्या वाटेला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे विचार करणारा भाग जागा होण्याआधीच अंग घाबरून मोकळे होते.

उंदराला आतून काय ‘वाटते’ ते आपल्याला कळत नाही, हे पुढे लेडूंनीच बजावले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हेही खरेच.

झटक्याशिवाय तोच सूर पुन्हा पुन्हा ऐकवला तर उंदराचे थिजणे कमी होते. जुनी आठवण मात्र पुसली जात नाही; तिच्यावर नवी बसते. पिंजरा बदलला की जुनी डोके वर काढते. ही नवी आठवण टिकवण्यात मेंदूच्या पुढच्या भागाचा हात असतो, असे २००२ साली पोर्तो रिकोतील मिलाद आणि क्वर्क यांनी उंदरांतच दाखवले.

पुढच्या रविवारी हे सगळे आम्ही त्या भगिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हणजे मी संबळ ऐकत बसू?”

“बसा, पण एकट्या नको,” आम्ही म्हणालो.

‘मन कच्चं’ म्हणणारे गृहस्थच आता कॅसेट शोधत आहेत.