आदेश कागदावर, बाई वाऱ्यावर

नवऱ्याने मारावे, बायकोने घर सोडावे, माहेरच्यांनी चार दिवस ठेवून घ्यावे आणि पाचव्या दिवशी ‘नांदायला जा’ म्हणून परत पाठवावे, ही आपल्याकडची जुनी रीत. मारणारा मात्र त्याच छपराखाली निर्धास्त! ही उलटी रीत मोडण्यासाठी संसदेने २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम संमत केला आणि २६ ऑक्टोबर २००६ रोजी तो अमलात आला. घर पीडितेने का सोडायचे, असा रोखठोक प्रश्न या कायद्याने विचारला. स्त्रीचा धर्म कोणता, जात कोणती, हे न पाहता प्रत्येकीला सारखे संरक्षण त्याने देऊ केले. त्याचा हिशेब मागण्याची वेळ आता आली आहे.

कायद्याची घडण दुबळी आहे, असे कोणी म्हणू नये. कलम १८ अन्वये न्यायदंडाधिकारी नवऱ्याला हिंसाचार करण्यास, पत्नीच्या कामाच्या ठिकाणी फिरकण्यास, तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यास मनाई करू शकतात. कलम १९ अन्वये त्याला घराबाहेर राहण्याचा आदेश देता येतो. प्रसंग निकडीचा असेल, तर पत्नीच्या प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही निघू शकतो. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच सांगतो. आदेश मोडणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. केवळ पीडितेच्या साक्षीवरही हा गुन्हा शाबीत धरता येतो. स्त्रीच्या हाती याहून धारदार शस्त्र कोणते द्यायचे?

पण म्यानातून कधी बाहेरच न निघणारे शस्त्र काय कामाचे?

साठ दिवसांची वर्षे

१ जुलै २०२२ रोजी या कायद्याखालील ४ लाख ७१ हजारांहून अधिक प्रकरणे देशातील न्यायालयांत प्रलंबित होती. साठ दिवसांचे वचन देणाऱ्या कायद्याची ही कथा! तीन दिवसांतली सुनावणी आणि साठ दिवसांतला निकाल या गोष्टी छापील अक्षरांत राहिल्या. पीडितेच्या वाट्याला तारखेवर तारीख आली. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क आहे काय, या एका प्रश्नाचेच उदाहरण घ्यावे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा अर्थ संकुचित केला आणि ती चूक दुरुस्त व्हायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडावे लागले. मधल्या चौदा वर्षांत ज्यांच्यासाठी दार बंद झाले, त्यांना ती वर्षे कोण परत देणार?

आणि एवढे करून आदेश मिळाला, तरी पुढे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात पती व सासरच्यांकडून झालेल्या क्रूरतेचे १ लाख ४० हजारांहून अधिक गुन्हे आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पोलिसांत नोंदलेले गुन्हे मात्र साऱ्या देशात मिळून पाचशेसुद्धा नाहीत. या कायद्यात पोलिसांनी नोंदवावा असा मुख्य गुन्हा एकच, आदेशभंगाचा. तेव्हा या आकड्याचे अर्थ दोनच संभवतात. एक तर काल रात्रीपर्यंत हात उगारणारे सारे पुरुष न्यायालयाचा शिक्का पाहताच साधुसंत झाले असावेत, किंवा आदेश मोडले जात आहेत आणि त्याची दादही कोणी घेत नाही. पहिल्या अर्थावर कोणत्या शहाण्या माणसाचा विश्वास बसेल?

आदेशाची प्रत संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य द्यावी, असे कलम २४ सांगते. तरीही पीडिता ठाण्यात जाते तेव्हा ‘कोर्टाचे प्रकरण आहे, कोर्टात जा’ हे उत्तर तिला ऐकावे लागते. कोर्टात जावे, तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा तारीख. या येरझारा संपेपर्यंत डिवचला गेलेला नवरा घरी वाट पाहत असतो. अंमलबजावणीविना दिलेला आदेश निरुपयोगी तर असतोच, पण तो घातकही ठरू शकतो.

अमेरिकेचा धडा

हे संकट आपल्यापुरते नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, कॅसल रॉक या गावी, जून १९९९ मध्ये एका आईच्या हाती नवऱ्याविरुद्धचा मनाई आदेश होता. तरी त्याने तीन मुलींना नेले. आई रात्रभर पोलिसांकडे दाद मागत राहिली. पहाटे तो माणूस पोलीस ठाण्यावर गोळीबार करीत आला व मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले. २७ जून २००५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पोलिसांनी असा आदेश अमलात आणावाच, हा त्या आईचा राज्यघटनेने दिलेला हक्क होत नाही. ज्या वर्षी भारताने आपला कायदा केला, त्याच वर्षीचा हा निकाल. कर्तव्य चुकवणाऱ्याला जाब विचारता येत नसेल, तर आदेशाची किंमत काय राहते, हे याहून विदारक रीतीने कोण सांगणार?

भारतीय कायद्याने याबाबतीत अधिक दूरदृष्टी दाखवली. त्याने संरक्षण अधिकारी हे पद निर्माण केले आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेशात सोपवलेले कर्तव्य सबळ कारणाविना टाळणाऱ्या अधिकाऱ्यासही शिक्षा ठेवली. पण त्याच्यावर खटला भरायला राज्य शासनाची पूर्वसंमती लागते. शिवाय अनेक ठिकाणी हे पद म्हणजे दुसऱ्याच कामात बुडालेल्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात अडकवलेला अतिरिक्त कार्यभार! अखेर २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. जे काम कायद्याबरोबरच व्हायचे, त्यासाठी जवळपास एकोणीस वर्षांनी न्यायालयाने कान पिळावा लागणे ही शासनकर्त्यांना भूषणावह गोष्ट आहे काय?

घर कोण मोडते?

अशा कायद्यांनी कुटुंबसंस्था मोडते, असा आक्षेप सज्जनांकडूनही घेतला जातो. कुटुंब हा आपल्या समाजाचा कणा आहे, हे निर्विवाद. म्हणूनच विचारले पाहिजे की, घर मोडते ते हात उगारण्याने की तो हात धरण्याने? खोट्या तक्रारी होत असतील, तर त्या न्यायालयात उघड्या पडाव्यात. पण संरक्षण आदेश निघाला म्हणून कोणाला बेड्या पडत नाहीत. तो मोडला तरच अटकेची वेळ येते. मारू नकोस, एवढेच सांगणाऱ्या आदेशाने निरपराध माणसाचे काय बिघडते?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १८ ते ४९ वयोगटातील सुमारे २९ टक्के विवाहितांनी कधी ना कधी पतीचा शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेला आहे. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांपैकी मदत मागायला पुढे आल्या अवघ्या १४ टक्के. बाकीच्या लेकीबाळी मुकाट्याने सोसत राहिल्या. त्या आपल्याच गल्लीत, आपल्याच वाड्यात राहतात.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी हवा. प्रत्येक पोलीस ठाण्यात अशा आदेशांची स्वतंत्र नोंदवही हवी आणि आदेशभंगाची तक्रार येताच गुन्हा दाखल व्हायला हवा. महाराष्ट्राला तर यासाठी दूर पाहण्याचे कारण नाही. १९८४ मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात प्रशिक्षित समाजसेविका बसवून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. जे तेथे जमले, ते तालुक्याच्या ठाण्यात का जमू नये?

सारे शासनावर ढकलून समाजालाही मोकळे होता येणार नाही. हिंसाचार घडत असल्याची खबर कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकते आणि सद्‌हेतूने खबर देणाऱ्यावर कोणतेही उत्तरदायित्व येत नाही, हे याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. शेजारच्या भिंतीपलीकडून किंकाळी ऐकू आल्यावर दूरदर्शनचा आवाज वाढवणाऱ्या समाजाला स्त्रीपूजेची भाषा शोभत नाही. न्यायालयाचा आदेश हा अखेर एक कागद आहे. त्याला बळ द्यायचे असेल, तर त्याच्यामागे पोलिसाची काठी आणि शेजाऱ्याचा धाक, दोन्ही उभे राहिले पाहिजेत.