गिटार दुरुस्त करणाऱ्या हातांचे आडनाव

भीमजयंतीच्या आदल्या रात्री, साडेदहाच्या सुमारास, मिरवणुकीचा बेंजो बिघडला. अँपला जोडला की नुसती घुंऽऽ अशी गुणगुण, आणि तारांना हात लावला की ती आणखी वाढायची. बेंजो पार्टीचा पोरगा रडकुंडीला आलेला. दुकाने बंद. शेवटी बेंजो माणमधल्या आमच्या भाड्याच्या खोलीवर आणला गेला. आमच्यातला एक जण चाकणला कंत्राटी कामगार आहे, दिवसभर इलेक्ट्रिक पॅनलची वायरिंग करतो. त्याने खालचा पत्रा उघडला, मल्टिमीटर लावला आणि सांगितले, "तारांकडं जाणारी अर्थची वायर सुटलीय." सोल्डरचा एक टाका. दुसऱ्या दिवशी बेंजो मिरवणुकीत वाजला.

ही बातमी फिरत फिरत हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमध्ये पोहोचली आणि काही दिवसांनी तिथल्या कंपनीतला एक इंजिनिअर इलेक्ट्रिक गिटार घेऊन आमच्या दारात आला. गिटारचा एक पिकअप मेला होता. आम्ही तो दोन रविवार बसून नव्याने गुंडाळला. गृहस्थ खूश झाले. कुठे शिकलात, विचारले. आयटीआयला, आम्ही सांगितले. मग नेहमीचा प्रश्न आला, आडनाव काय? आडनाव ऐकल्यावर ते मनापासून म्हणाले, "अरे वा! तुमच्या लोकांच्या हातातच असतं हे." आणि दोनशे रुपये देऊन गेले, कारण "दोन वायरी तर जोडायच्या होत्या."

मित्रांनो, या माणसाने शिवी दिली नाही. त्याने कौतुक केले, आणि म्हणूनच त्याचे वाक्य तपासायला हवे. आमच्या हातात नेमके काय असते?

पिकअप म्हणजे काय ते आधी पाहू. चुंबकाभोवती तांब्याच्या एनॅमल्ड तारेचे सात-आठ हजार वेढे. तार साधारण 42 गेजची, केसाएवढी बारीक. वर पोलादाची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. हा नियम फॅरडेने 1831 साली दाखवला; तो स्वतः लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. गिटारमधल्या चांगल्या पिकअपवर मल्टिमीटर सहा-सात किलोओम दाखवतो. आमच्याकडे आलेल्या पिकअपवर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली. जुनी तार कापून काढायची, नवी गुंडाळायची. ताण जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर वेढे ढिले बसतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागतो. वेढे मोजायला आम्ही शिलाई मशीनच्या मोटरच्या चाकाला एक चुंबक चिकटवला, शेजारी रीड स्विच ठेवला आणि त्याच्या वायरी साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला जोडल्या. एक अधिक एक दाबून ठेवले की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. पहिल्या रविवारी साडेपाच हजारांवर तार तुटली. सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आता सांगा, हे कुणाच्या पणजोबाकडून आले? आमच्या आज्याने येसकरकी केली, मेलेली ढोरे ओढली, गावकीची राबणूक केली. त्यात कुठे किलोओम होते? आमच्यातल्या एकाने आयटीआयचे दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतले, भोसरीच्या एका दुकानात जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करत तीन वर्षे बोटे भाजून घेतली, आणि वर इंटरनेटवर रात्र-रात्र वाचले. याला शिक्षण म्हणतात. पण इंजिनिअरने चार वर्षे शिकले की ती त्याची बुद्धी, आणि आम्ही पाच वर्षे शिकलो की ते आमचे रक्त! जात अशीच काम करते. आमच्याकडून ज्ञान हिरावून घेते, आणि तरीही आम्ही मिळवलेच तर त्याला जन्मजात हस्तकौशल्य ठरवून पुन्हा जातीच्याच खात्यावर जमा करते.

वाद्यांच्या जगात हे जुनेच आहे. वाजवणाऱ्याला पुरस्कार, बनवणाऱ्याला मजुरी. कर्नाटक संगीतातला मृदंग पिढ्यान्‌पिढ्या दलित ख्रिस्ती कारागीर बनवत आले. गायीच्या, म्हशीच्या, बकऱ्याच्या कातड्याशिवाय तो बोलत नाही. टी. एम. कृष्णा यांनी त्यांच्यावर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले, तर 2020 साली चेन्नईच्या कलाक्षेत्रने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह ऐनवेळी नाकारले. वाद्य देवघरात चालते, ते कुणी आणि कशापासून बनवले हे बोललेले चालत नाही.

गिटारही यातून सुटलेली नाही, बरे का. तिच्या मानेच्या टोकाशी, तारा ज्या खाचांतून खुंट्यांकडे जातात, त्या पट्टीला नट म्हणतात. स्वस्त गिटारमध्ये ती प्लॅस्टिकची असते. शौकीन लोक मुद्दाम हाडाची बसवून घेतात, आवाज खुलतो म्हणून. जनावराचे हाड. ज्या हाडा-कातड्याला हात लावला म्हणून आमच्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले, ते हाड आज महागड्या गिटारवर 'अपग्रेड' म्हणून मिरवते. आम्ही ते कानसीने घासतो तेव्हा खोलीभर जो वास सुटतो, तो आमच्यातल्या ज्येष्ठांना ओळखीचा वाटतो. आम्हाला त्याची लाज वाटत नाही. पण गंमतही वाटत नाही.

आता आपल्या घरातल्या भांडणाकडे येऊ, कारण तेच जास्त अवघड आहे. दर रविवारी वस्तीतल्या पाच-सहा पोरांना आम्ही सोल्डरिंग शिकवायला लागलो, तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला उभे-आडवे झापले. "बाबासाहेबांनी पेन दिलं, तुम्ही परत हत्यार देताय? यांना स्पर्धा परीक्षेला बसवा." त्यांचा राग आम्ही टाळीवर नेणार नाही. त्यांच्या वडिलांच्या हातातली हत्यारे त्यांनी निवडलेली नव्हती. हातकाम म्हटले की त्यांना तीच दिसतात. शिवाय त्यांची भीती खोटी नाही. 2023 च्या सप्टेंबरात केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक धंदे आणि उद्देशात चक्क कुटुंबात चालत आलेल्या कौशल्यांना बळ देण्याची भाषा. चांभाराच्या मुलाने चांभारकीच वाढवावी, त्यासाठी कर्ज देऊ! मद्रासमध्ये राजाजींनी 1953 साली शाळेची वेळ कापून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना काढली होती, ती पेरियार आणि द्रविड चळवळीने वर्षभरात गाडली. तेव्हा 'कौशल्य' हा शब्द ऐकला की आपण कान टवकारलेच पाहिजेत.

पण आम्ही त्यांना एवढेच विचारले, बाबासाहेबांचा आक्षेप कशाला होता? 'जातिनिर्मूलन' या 1936 च्या, लाहोरला न होऊ शकलेल्या भाषणात त्यांनी मांडले की जात कामे वाटून थांबत नाही, काम करणाऱ्यांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते, कप्पे एकावर एक रचते, आणि माणसाचा कल न पाहता जन्मावरून धंदा लादते. हीन ठरवलेल्या कामातून माणूस पळ काढू पाहतो, कारण त्यात त्याचे मन आणि बुद्धी कधीच नसते, हेही तिथेच आहे. म्हणजे आक्षेप लादण्याला आहे, हत्याराला नाही. शेतीवर भार नको, कारखानदारी वाढवा, हे ते 1918 पासून लिहीत होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात 1942 ते 1946 या काळात मजूर खाते सांभाळताना तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. आणि तंतुवाद्याचा विषय निघालाच आहे तर, हा माणूस उतारवयात व्हायोलिन शिकत होता. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या संग्रहालयात ते व्हायोलिन आहे; पोरांना घेऊन जा.

इलेक्ट्रिक गिटार आम्हाला आवडते ती यासाठीही की भारतात तिच्यावर कुणाच्याच जातीचा शिक्का नाही. अमेरिकेत ती मोठी झाली ती काळ्या माणसांच्या हातात. मिसिसिपीकडची गरीब काळी पोरे घराच्या भिंतीला झाडूची तार ठोकून, खाली बाटली सरकवून वाजवायची. आपल्या शाहिराच्या तुणतुण्याइतकेच एकतारी वाद्य. टेलिकास्टर बनवणारा लिओ फेंडर 1938 साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकून बसलेला माणूस होता, आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. आपला बेंजोसुद्धा मूळचा जपानचा. नागोयात 1912 साली टाइपरायटरसारखी बटणे लावून तयार झालेले ते वाद्य इथे बुलबुल तरंग झाले, आणि महाराष्ट्रातल्या वस्त्यांतल्या पोरांनी त्याला पिकअप बसवून रस्त्यावर आणले. त्यांना कुणी संशोधक म्हटले नाही.

त्या कार्यकर्त्याचे समाधान झाले का? अर्धेच. पोरांचा अभ्यास बुडता कामा नये, ही त्यांची अट आम्ही मानली. दुसरी चूक मात्र त्यांनी नाही, एका ताईने दाखवली. ती चाकणच्या पट्ट्यात वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करते, शिफ्टमध्ये शेकडो जोड तपासते. तिने आमचे सोल्डर पाहून विचारले, "हे काय, ठिगळ लावलंय का?" टाका फुगलेला, आतून सुटा. आमच्या खोलीत तोवर एकही मुलगी नव्हती, हे आम्हाला खटकलेही नव्हते. जातीवर एवढे बोलणाऱ्या आम्हाला! आता रविवारी सोल्डरिंग तीच शिकवते.

दराची पाटीही लावली आहे. जॅक बदलणे, अर्थ जोडणे, पिकअप गुंडाळणे, प्रत्येकाची मजुरी तासावर आणि सुटे भाग वेगळे. आडनाव सांगायचे की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी पाटीवर ज्याने काम केले त्याचे पूर्ण नाव लिहायचे ठरले, आडनावासकट. दोन गिऱ्हाइके ती वाचून परत गेली असावीत. मोजत बसलो नाही.

बेंजो पार्ट्यांकडून मात्र पैसे घेत नाही. त्यांच्याकडून दुसरे काहीतरी हवे आहे. गिटार किंवा बेंजोच्या तारा अर्थच्या वायरीने थेट अँपच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. अँपला खालून अर्थिंग नसेल आणि पत्र्यात करंट उतरला, तर तो वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो, आणि त्याच वेळी ओठ माइकला लागले तर शरीरातून जातो. वेल्समध्ये 1972 साली लेस्ली हार्वे नावाचा गिटारवादक भर कार्यक्रमात असाच गेला. आपल्या मिरवणुकीत तर खांबावरून आकडा टाकलेला असतो, नाहीतर जनरेटर, आणि प्लगची तिसरी पिन 'बसत नाही' म्हणून मोडलेली. तेव्हा पुढच्या 14 एप्रिलला माणच्या परिसरातल्या प्रत्येक बेंजो पार्टीने अँप लावण्याआधी आम्हाला बोलवावे. टेस्टर, मल्टिमीटर आणि तीन पिनांचे प्लग घेऊन आम्ही येऊ. ताईही असेल.