गॅरेज टाकताय? कॉम्प्रेसरच्या आधी टॉर्क रेंच घ्या



"सर, टू-व्हीलरचं गॅरेज टाकायचं आहे. पहिल्या पैशात काय काय घेऊ?" हा प्रश्न आमच्या ट्रेनिंगला प्रत्येक बॅचमध्ये येतो. सोबत यादी तयारच असते: कॉम्प्रेसर, वॉशिंग पंप, न्यूमॅटिक गन आणि रस्त्यावरून दिसेल असा मोठा बोर्ड. टॉर्क रेंच त्या यादीत जवळपास कधीच नसतो. माझं मत स्पष्ट आहे. तो यादीत पहिल्या पाचात पाहिजे, कॉम्प्रेसरच्याही वर. का, ते सांगतो.

आधी बघा, तुमच्या दारात कोणती गाडी येणार

नवीन गाडी फ्री सर्व्हिसिंग आणि वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सेंटरला जाते. तुमच्याकडे येते ती जुनी. हुडकेश्वर, मानेवाडा, पिपळा रोड, उमरेड रोडवरची गावं, इथे एमएच ३१ पासिंगच्या जुन्या गाड्या रोज चालतात. हीरो होंडा हे कंपनीचं नाव २०११ मध्ये बदललं, पण टाकीवर ते नाव असलेल्या स्प्लेंडर अजून दूध, भाजी, सिलिंडर वाहतात. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली आरएक्स १०० तर लोक हौसेने सांभाळतात. म्हणजे तुमचा धंदा जुन्या इंजिनाचा आहे. आणि जुन्या इंजिनात सगळ्यात आधी काय जातं? आटे.

आटे का जातात?

बोल्ट स्टीलचा असतो, इंजिनची केसिंग आणि हेड ॲल्युमिनियमचं. मऊ कोण? ॲल्युमिनियम. जास्त कसलं की बोल्ट शाबूत राहतो आणि केसिंगचे आटे त्याच्यासोबत बाहेर येतात. वीस-पंचवीस वर्षांत ते भोक किती हातांनी किती वेळा कसलं, याचा हिशोब कोणाकडेच नसतो.

आता आकडा बघा. जपानी घडणीच्या इंजिनात ६ मिमीच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर टॉर्क लागतो आणि ८ मिमीच्या बोल्टला साधारण २२. (इथे पान्याचा नंबर धरू नका. ६ मिमीच्या बोल्टला ८ किंवा १० नंबरचा पाना लागतो.) १० न्यूटन मीटर म्हणजे किती? २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला ५ किलोची कणकेची पिशवी टांगा. झालं, तेवढंच! तरण्याताठ्या पोराचा हात सहज चारपट जोर लावतो. आणि मागून मिस्त्री म्हणत असतो, "कस बे अजून थोडा!"

"आमच्या हाताला अंदाज आहे"

हे वाक्य मी खूप ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. जो मिस्त्री वीस वर्षं एकाच मॉडेलवर काम करतो, त्याच्या हाताला खरंच कळतं. पण तीन गोष्टी त्या हातालाही कळत नाहीत.

एक, पाना बदलला की अंदाज बदलतो. लांब टी पाना आणि छोटा रिंग पाना यांत हाताला जोर सारखाच वाटतो, बोल्टवर तो सारखा पडत नाही. दोन, आपण लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो थोडासाच. आट्यांना तेल लागलेलं असेल तर घर्षण कमी होतं आणि त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. तीन, आणि धंद्यासाठी हीच मोठी: तो अंदाज मिस्त्रीचा आहे, दुकानाचा नाही. मिस्त्री सुटीवर गेला की अंदाजही सुटीवर. रेंच मात्र काल लागलेल्या पोराच्या हातातही त्याच आकड्याला "कट्" करतो.

हिशोब मांडा

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका. ऑइल बदलायची मजुरी समजा १०० रुपये. ड्रेन बोल्टचे आटे गेले, तर तेल पुन्हा काढा, लेथवाल्याकडे जा, हेलिकॉइल बसवा, नवीन वॉशर, नवीन तेल. समजा ६०० रुपये गेले, शिवाय अर्धा दिवस. एका बोल्टने सहा ऑइल चेंजची मजुरी खाल्ली. रेंच समजा ३,००० ला आला, तर पाच बोल्ट वाचले की पैसे वसूल. आणि गिऱ्हाईक चौकात उभं राहून सांगतं, "त्याच्याकडून इंजिन करून आणलं अन् तेल टपकते," त्याचा हिशोब तर वहीत येतच नाही.

घेताना आणि वापरताना

कारचा मोठा रेंच घेऊ नका. २८ ते २१० न्यूटन मीटरचा रेंच स्वस्तात दिसतो, पण तुमचं निम्मं काम १०-१२ वर आहे. आधी ५ ते २५ च्या आसपासचा छोटा घ्या, मोठा नंतर.

बोल्ट उघडण्यासाठी रेंच कधीच वापरायचा नाही. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घ्या.

कव्हर उघडताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट ज्या जागेचा, त्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर रेंचही वाचवणार नाही. बसवताना भोकातलं तेल आणि जुनं पॅकिंग साफ करा, सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग थंड इंजिनवर, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत कसा. "कट्" एकदा ऐकलं की थांबा. बोल्ट फिरतोय पण जोर वाढत नाहीये, तर तिथेच सोडा. आटे चालले आहेत. गिऱ्हाइकाला त्याच वेळी बोलावून दाखवा.

स्प्लेंडरचा स्पार्क प्लग १० मिमी आट्यांचा आहे, त्याला १० ते १२ पुरे. बाकी प्रत्येक मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, तोच शेवटचा.

हे विकायचंही असतं

नुसतं नीट काम करून भागत नाही, ते दिसलं पाहिजे. इंजिनच्या कामाच्या बिलावर एक ओळ लिहा: "हेडचे नट मॅन्युअलप्रमाणे टॉर्कवर कसले." खाली आकडा टाका. बाजूच्या दुकानापेक्षा ५० रुपये जास्त मागायला तुमच्याकडे आता कारण आहे. स्वस्तात काम करणारा कोणीतरी शेजारी नेहमीच असतो. आकडा लिहून देणारा शोधावा लागतो.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या भागात जास्त चालणारी तीन जुनी मॉडेल निवडा. त्यांच्या हेड, ड्रेन बोल्ट, प्लग आणि साइड कव्हरचे टॉर्क मॅन्युअलमधून काढून एका चार्टवर मोठ्या अक्षरात लिहा. गॅरेज उघडायच्या आधी तो चार्ट भिंतीवर लागला पाहिजे. बोर्ड नंतर लावला तरी चालेल.