आठ रुपयांची इस्त्री

आमच्या ह्यांची नोकरी कैरोला. पगार डॉलरांत आणि बाजारहाट इजिप्शियन पौंडांत. डोंबिवलीला भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या माझ्यासारखीला हा कुबेराघरचा पाहुणचारच वाटला! सज्जातून दोरीने टोपली खाली सोडावी, वाणी तीत दूध-अंडी ठेवतो. इमारतीचा राखणदार, म्हणजे ‘बव्वाब’, पिशव्या वर आणून देतो. आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ‘मकवगी’ सदऱ्यामागे घेई अवघे पाच पौंड. २०२३ साली आपले तेरा रुपये!

पहिल्या दिवशी मी पैसे विचारले, तर छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘खल्लीहा!’’ म्हणजे राहू द्या. मी खरेच कपडे उचलून घरी आले! ‘‘अहो, ती नुसती बोलायची रीत,’’ असे शेजारणीने सांगितले, तेव्हा धावत जाऊन पैसे दिले.

तरी मूळ स्वभाव जाईना. दहा सदरे दिले की ‘नऊचेच घ्या’ म्हणून मी घासाघीस करी आणि जिंकले की ह्यांना ऐटीत सांगे.

मग ६ मार्च २०२४ उजाडला. मध्यवर्ती बँकेने पौंडाचा दर बाजारावर सोडला. सकाळी डॉलरला ३१ च्या आसपास पौंड मिळत होते, ते त्याच दिवशी ५० च्या घरात गेले. ह्यांनी हिशेब मांडला. काही न करता आमचा खर्च तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरला होता! मी आनंदाने शिरा केला.

जूनमध्ये रेशनची भाकरी ५ पियास्टरची २० पियास्टर झाली, कित्येक दशकांत प्रथमच. मकवगीचा दर मात्र तोच होता. मी सवयीने ‘नऊचेच’ म्हटले. या खेपेला तो ‘खल्लीहा’ म्हणाला नाही. मुकाट्याने पाचाची नोट परत केली.

घरी येऊन मी त्या नोटेकडे पाहत बसले. माझे आठ रुपये. शंभर पियास्टरांचा पौंड, म्हणजे त्याच्या पंचवीस भाकऱ्या. रेशनवर माणशी रोज पाच मिळतात. पाच माणसांच्या घराचा दिवसच मी जिंकून आणला होता! इथे भाकरीला ‘ऐश’ म्हणतात. आपल्याकडे ऐश म्हणजे चैन. एकाच शब्दाचे दोन अर्थ मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी नोट परत केली आणि म्हटले, ‘‘आजपासून सदऱ्याला आठ पौंड.’’ त्याने छातीवर हात ठेवला, ‘‘खल्लीहा!’’ मी पैसे मोजून टेबलावर ठेवले.

‘‘दानशूर झालात हो!’’ हे हसून म्हणाले.

‘‘दान कसले? आठ पौंड म्हणजे आपले तेरा रुपये. पूर्वी देत होतो तेच. दिवाळीची पोस्त अजून द्यायचीच आहे!’’